कामाची वाटणी : मंदीतील कारखाना आणि कमी तासांचे काम

(बंगळूर येथे दिलेले व्याख्यान)



माझी पहिली नोकरी याच शहराच्या वेशीबाहेरील एका यंत्रकारखान्याच्या हजेरी-कार्यालयात होती. एकोणीसशे सत्तरनंतरच्या दशकातील ही गोष्ट. पाऊस कमी झाला की शरावतीच्या धरणातील पाणी उतरे आणि मग कारखान्यांची वीज कापली जाई. अशा दिवशी सकाळी भोंगा वाजे, कामगार नेहमीप्रमाणे आत येत, हजेरी लावत आणि आवारातील झाडाखाली बसून राहत. मी घड्याळाकडे पाहत असे. दोन तास उलटले आणि काम मिळाले नाही, की हजेरीपटात प्रत्येकाच्या नावापुढे मी एक खूण करीत असे. त्या खुणेचा अर्थ असा की, हा मनुष्य कामाला आला होता, परंतु त्याला देण्याजोगे काम मालकाजवळ नव्हते. तिची किंमत अर्धी मजुरी होती.

फाटकाजवळ आणखी काही माणसे उभी असत. माल चढवणारी, उतरवणारी, लोखंडाचा कीस गोळा करणारी. ती कंत्राटदाराची माणसे. त्यांना दोन तास थांबावे लागत नसे. "आज काम नाही," एवढे ऐकून ती परत फिरत. त्यांची नावे माझ्या हजेरीपटात नव्हती. त्यामुळे त्यांच्यासाठी खूणही नव्हती.

त्या वयात मला या दोन दृश्यांतील संबंध उमगला नाही. आज मला त्या संबंधाविषयीच बोलावयाचे आहे. संकटाच्या काळात कारखान्यातील काम घटते. ते सर्वांनी थोडे थोडे वाटून घ्यावे, की काहींनी सर्वस्वी गमवावे, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम विषयाची मर्यादा स्पष्ट करतो. मागणी मंदावली, कच्चा माल मिळेनासा झाला किंवा वीज तुटली, तर उद्योगसंस्थेपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. माणसे कमी करणे हा पहिला. माणसे तीच ठेवून त्यांचे कामाचे तास किंवा दिवस कमी करणे हा दुसरा. या दुसऱ्या मार्गाला आपण 'कमी तासांचे काम' म्हणू. त्याचे स्वरूप निरनिराळे असू शकते. कधी आठवड्यात सहाऐवजी चार दिवस कारखाना चालतो, कधी तिसरी पाळी बंद होते, कधी कामगारांच्या तुकड्या आळीपाळीने घरी राहतात. स्वरूप कोणतेही असो, तत्त्व एकच की, नोकरीचा करार तुटत नाही, केवळ कामाचा वेळ आखडतो.

हा मार्ग नवा नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इंग्लंडला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा लँकेशायरमधील कित्येक गिरण्या आठवड्यातून तीन-चार दिवसच चालत. ज्या टंचाईने मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांना अचानक गबर केले, तिनेच सातासमुद्रापलीकडील विणकराचा आठवडा अर्ध्यावर आणला. पुढे एका शतकाने, १९७४ साली, ब्रिटनमध्येच कोळशाच्या तुटवड्यामुळे सरकारने बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज देण्याचे ठरविले आणि जानेवारी ते मार्च या काळात सारा देश तीन दिवसांच्या आठवड्यावर आला. त्या सुमारास आपल्याकडे बंगळूरमध्ये जे घडत होते ते याहून फारसे निराळे नव्हते.

याचे कारण कर्नाटकाच्या वीजव्यवस्थेत होते. या प्रदेशाने जलविद्युत फार लवकर जवळ केली. १९०२ साली शिवसमुद्रम येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. स्वातंत्र्यानंतर येथे मोठमोठे सरकारी कारखाने उभे राहिले. विमानांचा कारखाना तर १९४० सालीच निघाला होता. त्यामागून दूरध्वनी यंत्रांचा, यंत्रावजारांचा आणि इलेक्ट्रॉनिक सामग्रीचा असे कारखाने आले. परंतु रायचूरचे औष्णिक केंद्र १९८५ साली सुरू होईपर्यंत राज्याची स्वतःची वीज जवळजवळ सर्वस्वी पाण्यावर अवलंबून होती. शेतकऱ्याप्रमाणे येथील कातारीही आकाशाकडे पाहत असे. मृगाचा पाऊस हुकला तर शेतावर जे संकट येई, तेच काही महिन्यांनी कारखान्याच्या दारात येऊन उभे राही.

अशा प्रसंगी काय करावे याचे उत्तर कायद्यात होते, आणि ते उत्तर मुख्यतः कापडगिरण्यांच्या अनुभवातून आलेले होते. १९५३ साली गिरण्यांत कापडाचे साठे पडून राहिले आणि पाळ्या बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा प्रथम वटहुकूम काढून आणि मागाहून १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात दुरुस्ती करून तात्पुरत्या कामबंदीच्या भरपाईचा हक्क देण्यात आला. या कामबंदीला कारखान्यात सर्वजण 'ले-ऑफ' म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांचा तुटवडा, मालाचा साठा, यंत्रांचा बिघाड अशा कारणांनी मालक हजेरीपटावरील कामगाराला काम देऊ शकला नाही, तर तो ले-ऑफ होय.

या तरतुदींचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. ज्या कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार आहेत आणि ज्याचे काम हंगामी नाही, तेथे एक वर्ष अखंड सेवा झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांबद्दल मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळावी. बारा महिन्यांत अशा ४५ दिवसांपर्यंत ती देणे बंधनकारक. त्यापुढे मालक-कामगारांत तसा करार असल्यास ती थांबविता येते, किंवा मालक कपात करू शकतो. कामगाराने मात्र दिवसातून एकदा तरी ठरल्या वेळी हजेरी लावावयास हवी. नेमल्या वेळेपासून दोन तासांत काम मिळाले नाही, तर तो दिवस ले-ऑफचा. मालकाने त्याला पाळीच्या उत्तरार्धात बोलाविले, तर अर्धाच दिवस ले-ऑफचा. आणि उत्तरार्धात येऊनही काम मिळाले नाही, तर त्या अर्ध्या दिवसाची पूर्ण मजुरी. माझ्या हातातील घड्याळाचे आणि पेन्सिलीचे महत्त्व यामुळे होते.

१९७६ साली कायद्यात आणखी एक प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना ले-ऑफ, कपात आणि कारखाना बंद करणे यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. ही मर्यादा १९८२ च्या दुरुस्तीने १०० वर आली. विजेच्या तुटवड्यामुळे होणाऱ्या ले-ऑफला मात्र या परवानगीतून सूट होती, ही गोष्ट बंगळूरच्या दृष्टीने महत्त्वाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि जुना अधिनियम मागे पडला. नव्या संहितेत परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० झाली आहे. परंतु ५० कामगार, निम्मी भरपाई आणि ४५ दिवस हा १९५३ चा सांगाडा कायम आहे.

म्हणजे कमी तासांचे काम ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. मग संकट आले की आपल्या कानावर कपातीच्याच वार्ता अधिक का येतात? मालकाचे काळीज कठोर असते, एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आपण एक हिशेब मांडून पाहू.

समजा, एका कारखान्यात १०० कामगार आहेत आणि मागणी एक चतुर्थांशाने घटली आहे. मालकाने २५ कामगार काढले किंवा सर्व १०० जणांचे काम पाऊणपट केले, तरी प्रत्यक्ष केलेल्या कामाची मजुरी सारखीच पडते. फरक पडतो तो न झालेल्या कामाच्या किमतीत. तास कमी केले तर बारा आठवड्यांच्या ७२ कामाच्या दिवसांपैकी प्रत्येकाचे १८ दिवस ले-ऑफमध्ये जातील. निम्म्या दराने मालकाला माणशी ९ दिवसांची, म्हणजे एकूण ९०० दिवसांची मजुरी द्यावी लागेल. या गतीने ४५ दिवसांची मर्यादा तीस आठवड्यांत, सुमारे सात महिन्यांत, गाठली जाईल आणि तोवर एकूण २,२५० दिवसांची मजुरी खर्ची पडेल. कामगाराच्या बाजूने पाहिले तर त्याच्या वेतनातील एक अष्टमांश भाग बुडेल. तो बुडणे सुखाचे नाही. परंतु तेवढ्याने घरातील चूल विझत नाही.

आता कपातीकडे वळू. कपात केलेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची मजुरी भरपाई म्हणून द्यावी लागते. काढलेल्या २५ जणांची सेवा प्रत्येकी आठ वर्षांची असेल, तर माणशी १२० आणि एकूण ३,००० दिवसांची मजुरी होईल. शिवाय नोटिशीच्या महिन्याचे वेतन निराळे. येथे तास कमी करणे मालकालाच स्वस्त पडते. मंदी सात महिन्यांत ओसरली, तर त्याचे कसबी लोक त्याच्याजवळच राहिलेले असतात. नव्या माणसाला शोधणे, शिकविणे आणि त्याच्या हातून पहिले काही महिने बिघडणारा माल सोसणे, हा खर्च वाचतो तो वेगळाच.

परंतु कायद्याचा दुसरा एक नियम असा की, सामान्यतः जो शेवटी आला त्याने प्रथम जावे. जुन्या कामगाराला मनमानीपासून संरक्षण देणारा हा नियम आहे आणि त्या दृष्टीने तो न्याय्यही आहे. मात्र त्याचा परिणाम असा होतो की, कपातीत जातात ते आठ वर्षे सेवा झालेले लोक नव्हेत, तर दोन वर्षे झालेले. त्यांची भरपाई माणशी ३० दिवसांची, म्हणजे एकूण ७५० दिवसांची. नोटिशीचा महिना धरला तरी हा आकडा सुमारे १,४०० वर थांबतो; तो २,२५० हून पुष्कळच कमी आहे. आणि ते २५ जण कंत्राटदाराचे असतील, तर मुख्य मालकाच्या वहीत ही रक्कम शून्य होते.

शून्य, चौदाशे, साडेबावीसशे आणि तीन हजारांच्या वर. माझ्या आजच्या प्रतिपादनाचे सार या चार पायऱ्यांत आहे. ज्याचे संरक्षण सर्वांत तोकडे, त्याला दूर करणे सर्वांत स्वस्त. म्हणून संकट आले की ते वरून खाली घरंगळत जाते आणि शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला गाठते. त्याच्या वर उभ्या असलेल्यांचे तास कमी होतात. त्याचे कामच जाते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. २०१९ साली वाहनांची मागणी घटली, तेव्हा वाहन-उद्योगात काय घडले ते आठवून पाहा. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात अशोक लेलँड कंपनीने आपल्या कारखान्यांत 'काम नसलेले दिवस' जाहीर केले. एन्नोर येथे १६, पंतनगर येथे १८, अलवर आणि महाराष्ट्रातील भंडारा येथे प्रत्येकी १०, आणि आपल्या उंबरठ्यावरील होसूर येथे ५. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या बॉश कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय याच शहरात आहे. तिच्या नाशिकच्या कारखान्यातही त्या वर्षी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर झाले. हे कमी तासांचेच काम होय. कारखाना चालू राहिला, यंत्रे जागीच राहिली, कायम कामगार नोकरीत राहिले. पण त्याच महिन्यांत वाहन-उद्योगातील हंगामी आणि कंत्राटी कामगारांच्या मुदती संपत गेल्या व त्या पुन्हा वाढविल्या गेल्या नाहीत. त्याला कपात असे नाव पडले नाही, कारण मुदत संपणे म्हणजे काढून टाकणे नव्हे, असे कागद सांगतो. जो मनुष्य सामान बांधून भाड्याच्या खोलीतून गावाकडे निघाला, त्याला हा भेद समजावून सांगणे कठीण आहे.

त्यानंतर सहा महिन्यांनी महामारी आली. २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टाळेबंदीच्या काळात पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला आणि मे महिन्यात तो मागे घेतला. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने जून महिन्यात मालक आणि कामगार यांनी वाटाघाटींनी तोड काढावी असे सुचविले. या घटनाक्रमात एक गोष्ट उघड झाली. टाळेबंदीत न झालेल्या कामाचे मोल मालकाने द्यावे की कामगाराने सोसावे, याखेरीज तिसरा पर्यायच आपल्यापुढे नव्हता. दोघांच्याही हातात नसलेल्या आपत्तीचा भार उचलणारी सामाईक थैली आपण कधी शिवलीच नव्हती.

बंगळूर आणि त्याच्या आसपासच्या तयार कपड्यांच्या उद्योगाला याची झळ विशेष लागली. या उद्योगात बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. परदेशातील मागण्या रद्द झाल्या आणि शिलाईयंत्रे थांबली. जून २०२० मध्ये श्रीरंगपट्टण येथील एका कारखान्यात बाराशेहून अधिक कामगारांचा ले-ऑफ जाहीर झाला. यासाठी आवश्यक असलेली पूर्वपरवानगी घेतलेली नाही, असा कामगारांचा आक्षेप होता. त्या स्त्रिया कित्येक आठवडे फाटकाशी बसून राहिल्या. ज्या कामबंदीनंतर काम पुन्हा सुरू होणार नाही, तिला तात्पुरती म्हणता येत नाही. ले-ऑफ हा शब्द जर बंद होणाऱ्या कारखान्यावरील पडदा म्हणून वापरला गेला, तर त्यावरील कामगारांचा विश्वास उडेल आणि तो विश्वास पुन्हा मिळविणे फार अवघड जाईल.

त्याआधीची, एप्रिल २०१६ मधील एक घटना याच्याशी जोडून पाहावी. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वर्गणीचा भाग वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम सरकारने केला, तेव्हा बंगळूरच्या कापड-कारखान्यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि तो नियम मागे घ्यावा लागला. म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा आजच खर्च करण्याचा हा हट्ट कशासाठी, असे अनेकांना वाटले. परंतु एक नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंतच्या महिन्यांत त्या स्त्रियांजवळ दुसरे काय होते? भविष्यनिर्वाह निधी हाच त्यांचा बेकारीचा विमा होता. म्हातारपणाची शिदोरी मध्यान्हीच सोडावी लागावी, यात दोष शिदोरीचा नाही आणि भुकेलेल्याचाही नाही.

आता आपण जर्मनीकडे पाहू, कारण कमी तासांच्या कामाची सर्वांत भक्कम व्यवस्था त्या देशाने उभारली आहे. तिचे बीज १९१० च्या पोटॅश उद्योगाविषयीच्या कायद्यात सापडते. आज तिचे स्वरूप थोडक्यात असे आहे : मागणी घटल्याने कारखान्याने तास कमी केले, तर कामगाराचे जे निव्वळ वेतन बुडते त्याचा साधारणपणे ६० टक्के भाग, आणि मूल असल्यास ६७ टक्के भाग, बेकारी विम्याच्या निधीतून भरून मिळतो. या निधीत मालक आणि कामगार दोघेही सुगीच्या वर्षांत वर्गणी भरतात. २००९ साली जर्मनीचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घटले, तरी बेकारी फारशी वाढली नाही. त्या वर्षी मे महिन्यात १४ लाखांहून अधिक लोक कमी तासांवर काम करीत होते. एप्रिल २०२० मध्ये ही संख्या ६० लाखांच्या घरात गेली. त्याच महिन्यात अमेरिकेत बेकारीचे प्रमाण १४ टक्क्यांच्या वर चढले. जर्मनीत बेकारांच्या संख्येत झालेली वाढ त्या मानाने फार थोडी होती. जपाननेही तेलाच्या संकटानंतर, १९७५ पासून, कामगार टिकवून धरणाऱ्या मालकांना अनुदान देण्याची पद्धत सुरू केली.

या व्यवस्थेवर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला असा की, जो धंदा मुळातच मोडकळीस आला आहे त्यालाही अनुदानाच्या आधाराने उभे ठेवले जाते आणि त्यातील माणसे नव्या धंद्याकडे जावयाची राहतात. घड्याळांचे उदाहरण आपल्या समोरच आहे. १९६१ साली बंगळूरमध्ये सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय एके काळी देशाचे भूषण होता; परंतु काळ बदलला, तोटा साचत गेला आणि २०१६ च्या जानेवारीत तो बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. अशा दीर्घ उतरणीवर कमी तासांचे काम हा उपाय नव्हे. हे औषध तापावरचे आहे, जरेवरचे नव्हे. म्हणूनच त्याला कालमर्यादा हवी, आणि रिकाम्या तासांत नवे कौशल्य शिकविण्याची जोड हवी.

दुसरा आक्षेप असा की, मालक आपला स्वाभाविक खर्च सार्वजनिक निधीवर ढकलतील. त्याला उत्तर म्हणजे खर्चाचा काही भाग मालकाकडेच ठेवणे. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. जर्मनीतही या निधीचा लाभ विम्याची वर्गणी भरणाऱ्यांनाच होतो. अगदी किरकोळ नोकऱ्या करणारे त्याबाहेर राहतात. फाटकाबाहेरचा मनुष्य तेथेही आहे. आपल्याकडे मात्र फाटकाबाहेर उभ्या असलेल्यांची संख्या आत बसलेल्यांहून कितीतरी मोठी आहे. इचलकरंजीतील यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये किंवा पीण्यातील चार लेथच्या कार्यशाळेत ५० कामगार नसतात. तेथे सुताचा भाव चढला किंवा मागणी थांबली, की एक पाळी बंद होते आणि त्या पाळीची मजुरी थेट बुडते. तेथे तास कमी होतात, पण त्यांची भरपाई कोणाच्याच हिशेबात नसते.

आपल्याच देशात याला काही पूर्वाधार आहे काय? माझ्या मते आहे, आणि तो मुंबईच्या बंदरात सापडतो. गोदीतील काम स्वभावतःच चढउताराचे. जहाज आले तर शेकडो माणसे हवीत, न आले तर एकही नको. पूर्वी रोज सकाळी मुकादम हवी ती माणसे उचलीत आणि बाकीची परत जात. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्याखाली बंदरांत मंडळे स्थापन झाली. कामगारांची नोंदणी झाली, काम आळीपाळीने वाटले जाऊ लागले, हजेरी लावूनही काम न मिळालेल्या दिवसाला भत्ता आला आणि यासाठी लागणारा पैसा कामगार वापरणाऱ्या सर्व मालकांवर आकारणी बसवून उभा करण्यात आला. पुढे १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठीही नोंदणीची आणि मंडळांची व्यवस्था आली. या मंडळांच्या कारभारात दोष शिरले हे खरे. परंतु ज्यांना आपण सर्वांत अस्थिर समजतो अशा हमालांच्या आणि गोदी कामगारांच्या बाबतीत कामाची वाटणी व खर्चाची वाटणी ही दोन्ही तत्त्वे या देशात प्रत्यक्ष अमलात आणून दाखविली गेली आहेत. जे गोदीत शक्य झाले ते कारखान्यात अशक्य आहे, असे म्हणण्यास मी तयार नाही.

निधीचा पायाही अगदीच नाही असे नव्हे. कामगार राज्य विमा योजनेखाली २०१८ साली एक नवी योजना सुरू झाली. तीनुसार विमेदार कामगार बेकार झाल्यास त्याला सरासरी मजुरीच्या २५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळावी, अशी तरतूद होती. महामारीच्या काळात हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले. पण हा लाभ आयुष्यात एकदाच, आणि नोकरी पूर्णपणे गेल्यावर. ज्याची नोकरी टिकली आहे पण ज्याचे आठवड्यातील दोन दिवस बुडत आहेत, त्याला त्यातून काही मिळत नाही. म्हणजे आपल्या विम्याचे दार मनुष्य पडल्यावर उघडते; तो कलता असताना त्याला हात देण्याची सोय त्यात नाही. यातील विचित्र योगायोग असा की, ज्या २०१९ साली होसूर आणि भंडारा येथे काम नसलेले दिवस जाहीर होत होते, त्याच वर्षी १ जुलैपासून या विम्याची वर्गणी वेतनाच्या साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणण्यात आली. मालकांना आणि कामगारांनाही त्यामुळे दिलासा मिळाला हे मान्य. परंतु वाचलेल्या अडीच टक्क्यांतील अर्धा टक्का जरी कमी तासांच्या भरपाईसाठी वेगळा काढला असता, तरी आज आपल्यापाशी त्या सामाईक थैलीची सुरुवात असती.

म्हणून मी तीन गोष्टी सुचवू इच्छितो. एक, ले-ऑफच्या भरपाईचा भार केवळ त्या कारखान्याच्या मालकावर न ठेवता त्याचा निम्मा भाग सामाईक विमा निधीने उचलावा. तसे झाल्यास माझ्या हिशेबातील साडेबावीसशेचा आकडा सव्वाअकराशेवर येईल; तो चौदाशेहून कमी आहे, आणि मग नव्या कामगाराला काढण्यात मालकाचा फायदा उरणार नाही. दोन, हा लाभ घेणाऱ्या कारखान्याने कंत्राटी आणि हंगामी कामगारांचे तास कायम कामगारांच्या प्रमाणातच कमी करावेत. त्यांना सरसकट काढून उरलेल्यांसाठी निधीकडे हात पसरू नये. तीन, ५० कामगारांच्या मर्यादेखालील कारखान्यांनाही, स्वल्प वर्गणी घेऊन, या निधीत सामील होता यावे. यांपैकी दुसरी सूचना सर्वांत अवघड आहे हे मी जाणतो. ती मालकांना जड वाटेल आणि कायम कामगारांच्या संघटनांनाही कदाचित गोड वाटणार नाही, कारण वाटणी याचा अर्थ आपल्या ताटातील काही देणे असाही होतो. परंतु तिच्यावाचून उरलेल्या दोन सूचना म्हणजे आत बसलेल्यांचीच सोय ठरतील.

श्रोतेहो, संकटे टळत नाहीत. पाऊस हुकणार, बाजार कोसळणार, रोगराई येणार. कारखान्यातील काम कधी ना कधी घटणारच. घटलेले काम कसे वाटावे, हे मात्र माणसाच्या हातात आहे. माझ्या जुन्या हजेरीपटातील ती खूण आज मला क्षुद्र वाटत नाही. या मनुष्याची काम करण्याची तयारी होती, याची ती नोंद होती. काम नसतानाही त्याचे नाव पटावर होते, याची ती साक्ष होती. फाटकापाशी उभ्या असलेल्या त्या माणसांची नावे त्या पटावर आली असती, तर त्या खुणांची संख्या वाढली असती आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी कमी मजुरी आली असती. पण त्या दिवशी कोणीही रिकाम्या हाताने घरी गेले नसते.